माझ्या डोंगरी सायकली

आमच्या घराच्या जिन्याखाली तीन सायकली उभ्या आहेत. एक काळी, उंच, कॅरेज लावलेली, ती वडिलांची. दुसरी लाल, जाड टायरांची. तिसरी करड्या रंगाची, गियरची. घरी येणारा माणूस त्या पाहतो आणि हमखास विचारतो, “काय हो, यातली तुमची पहिली माउंटन बाइक कोणती?” मी काळ्या सायकलीकडे बोट दाखवतो. पाहुण्याला वाटते, मी थट्टा करतो आहे. पण ती थट्टा नाही. ती का नाही, हेच आज तुम्हांला सांगायचे आहे. आणि त्याबरोबर एक कबुलीही द्यायची आहे. ती पुष्कळ वर्षे उशिराने देतो आहे.

आमचे नगर, म्हणजे 2024 पासूनचे अहिल्यानगर, तसे सपाटीवरचे गाव. माळीवाडा, चितळे रोड, दिल्ली दरवाजा या भागात सायकल चालवणाऱ्याला चढ म्हणजे काय ते कळतच नाही. पण गावाबाहेर कोणत्याही दिशेने दहाबारा मैल जा, डोंगर तुमची वाट पाहत असतो. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला इमामपूरचा घाट, पाथर्डीच्या रस्त्याला करंजीचा घाट, वांबोरीकडे वांबोरीचा घाट. आणि जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, तर प्रत्यक्ष कळसूबाई. 1646 मीटर उंचीचे ते शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. म्हणजे सायकलीला डोंगर दाखवायचा म्हटले तर आमच्या जिल्ह्याने काही कमी ठेवलेले नाही.

माझे वडील पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावी प्राथमिक शिक्षक होते. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. येणेजाणे त्याच काळ्या सायकलीवर. कॅरेजला वह्यांचा गठ्ठा, हँडलला डबा, पायाला पँटची क्लिप. घाटात ते सायकल हाती धरून चालत, सपाटीला बसत. “चढावर सायकल आपल्याला नेत नाही, आपण तिला न्यायचं,” असे ते म्हणायचे. या वाक्यात विनोद आहे असे मला लहानपणी वाटे. पुढे कळले की तो निव्वळ हिशेब होता.

तो हिशेब असा. त्या सायकलीच्या पुढच्या चाकीला 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. गुणाकार केलात तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे फारच छान. पण घाटात एका फेऱ्यात तेवढे वजन साडेपाच मीटर चढावर ओढायचे, म्हणजे मांडीने गाडा ओढण्यासारखेच. वडील उतरून चालत ते अशक्त होते म्हणून नव्हे. त्या सायकलीला एकच दात्यांची जोडी होती आणि ती डोंगरासाठी बसवलेली नव्हती, म्हणून.

ही झाली चढाची गोष्ट. उताराची गोष्ट निराळी, आणि माझी कबुली उताराची आहे.

1984 सालचा आषाढ. मी आणि माझा एक मित्र, दोघे नुकतेच दहावी झालेलो. निकाल लागला होता, कॉलेज सुरू व्हायचे होते. चांदबिबीच्या महालावर सायकलीने जायचे ठरले. नगरहून भिंगारवरून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की सात-आठ मैलांवर तो डोंगर आहे. त्याला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात खरे, पण ती आहे मूर्तिजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. आठ बाजूंची, तीन मजली, सोळाव्या शतकातली. तिच्या सज्जात उभे राहिले की खाली सगळे नगर दिसते. आमच्या पिढीच्या पोरांनी सायकलीवरून केलेली पहिली सफर बहुधा तीच असे.

माझ्यापाशी वडिलांची सायकल. तो रविवार होता, म्हणून ती घरी होती. मित्राने दुकानातून एक भाड्याची आणली होती. निघताना वडील दारात आले. मागचे चाक उचलून त्यांनी एकदा फिरवले, ब्रेक दाबला आणि म्हणाले, “मागचा ब्रेक धरीत नाही. रबरं झिजलीत. उतार लागला की खाली उतरायचं आणि चालत यायचं. काय?” मी म्हटले, “हो दादा.” आम्ही निघालो.

वर जाताना काही बसलो, पुष्कळसे चाललो. वर भजी खाल्ली, सज्जातून ओरडून आवाजाचा घुमारा ऐकला. तेवढ्यात बारीक पाऊस सुरू झाला. उतरायच्या वेळी मित्र म्हणाला, “तुझी दे ना मला. ही भाड्याची खुळखुळा आहे. तुझी काय झकास पळते!” मी सायकल दिली. वडील काय म्हणाले होते ते मला आठवत होते. ते माझ्या जिभेवर होते. पण सांगितले असते तर त्याने ती सायकल घेतली नसती, किंवा दोघांनाही चालत उतरावे लागले असते. आणि इतक्या उंच आल्यावर चालत उतरायचे म्हणजे सगळी मजाच गेली. शिवाय, आपल्या वडिलांच्या सायकलीचा ब्रेक खराब आहे हे सांगायची मला लाजही वाटली. मी बोललो नाही.

तो पुढे, मी मागे. दुसऱ्या वळणाला त्याचा आवाज ऐकू आला. तो “धरंना, धरंना!” एवढेच म्हणत होता. मग तो आवाज थांबला. मी पोहोचलो तेव्हा तो कडेच्या दगडगोट्यांत पडला होता. सायकल पुढे जाऊन आडवी झाली होती आणि तिचे वरचे चाक अजून फिरत होते.

गळ्याजवळचे हाड मोडले होते. समोरचा एक दात गेला होता. हाड जुळले, पण वाकडे जुळले. हे आजच्यासारखे चित्रे काढून, स्क्रू बसवून करायचे दिवस नव्हते. निदान आमच्या ऐपतीचे नव्हते. आता तुम्ही म्हणाल, पोराटोरांचे हातपाय मोडतातच. खरे आहे. पण या मित्राला फौजेत जायचे होते. नगर हे लष्कराचे गाव. भिंगारच्या पोरांना रणगाड्यांचा आवाज हा घरच्या जात्यासारखा ओळखीचा. दोन वर्षांनी तो भरतीला उभा राहिला. धावण्यात पहिल्या दहांत आला, आणि डॉक्टरी तपासणीत त्या खांद्यापाशी अडला. तो गावी गेला आणि शेती करू लागला. शेती त्याने चांगली केली. पण ती त्याने मागून घेतलेली नव्हती.

त्या रात्री वडील मला काही बोलले नाहीत. मी त्यांना सांगितले होते की मित्र घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या कामाच्या गावी निघायच्या आधी मला घेऊन सायकलच्या दुकानात गेले. ब्रेकच्या रबरांची जोडी घेतली, पैसे माझ्या हातात दिले आणि मला द्यायला लावले. किरकोळ पैसे होते. ते मोजताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटते, त्यांना कळले होते.

त्या जुन्या ब्रेकची रचना एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. हँडलखालची मूठ दाबली की लोखंडी कांब्या वर ओढल्या जातात आणि रबराचे दोन तुकडे रिमला आतून टेकतात. रिम पोलादाची, वर क्रोमचा चकचकीत मुलामा. कोरडी असताना ही रचना बरी चालते. पण रिम ओली झाली की रबर आणि मुलामा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. चाक काही फेरे फिरून तो पुसला जाईपर्यंत ब्रेक असून नसल्यासारखा. त्यात रबर झिजलेले असेल, तर विचारायलाच नको. म्हणजे पावसाळ्यात, घाटात, नेमक्या ज्या वेळी ब्रेक पाहिजे त्याच वेळी तो मिळत नाही.

आता इथून तुम्हांला थोडे लांब, अमेरिकेत नेतो. कारण डोंगरी सायकल ही वस्तू जिथे जन्मली तिथेही ब्रेकचीच गोष्ट आहे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरातून उतरणारी एक कच्ची वाट आहे. वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून केलेली. दोनएक मैलांत ती 1300 फूट खाली येते. 1970 नंतरच्या काही वर्षांत तिथल्या तरुणांनी एक छंद लावून घेतला. 1930-40 च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरांच्या, भंगारात निघालेल्या सायकली घ्यायच्या, त्या डोंगरावर न्यायच्या आणि वरून खाली सोडायच्या. या सायकलींना ब्रेक असे तो मागच्या चाकाच्या तुंब्यात. पायडल उलटे दाबले की ब्रेक लागे. त्या उतारावर तो ब्रेक इतका तापे की तुंब्यातले ग्रीस जळून धूर निघे. खाली आले की तुंबा खोलायचा, नवे ग्रीस भरायचे, मग पुन्हा वर. हे पुन्हा ग्रीस भरणे म्हणजे इंग्रजीत ‘रीपॅक’. वाटेलाच ते नाव पडले. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्या वाटेवर घड्याळ लावून पहिली शर्यत झाली.

त्या मंडळींत जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची अशी माणसे होती. त्यांनी काय केले ते पाहा. जुन्या सायकलीला चांगले ब्रेक बसवले. चढून जाता यावे म्हणून गियर बसवले. 1977 साली जो ब्रीझ याने अशा कामासाठी मुद्दाम नवीन सांगाडा बांधला. 1979 साली फिशर आणि केली यांनी धंदा सुरू केला, त्याचे नावच ‘माउंटनबाइक्स’ ठेवले. सांगाडे रिची बांधून देई. 1981 साली ‘स्पेशलाइज्ड’ या कंपनीची ‘स्टम्पजंपर’ आली आणि ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागली. 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तिची शर्यतही झाली. म्हणजे एका जळणाऱ्या ब्रेकपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे.

सांगायची गोष्ट अशी की, ती सायकल टायरांच्या जाडीने डोंगरी झाली नाही. जाड टायर तर जुन्या सायकलींना आधीपासूनच होते. ती डोंगरी झाली ती डोंगर उतरताना थांबवता येऊ लागली आणि चढताना पाय टिकू लागले म्हणून. आधी ब्रेक, मग गियर, आणि बाकीचे त्यानंतर.

आणि आपल्याकडे ती आली तेव्हा काय झाले? इथे माझी दुसरी सायकल येते.

मी बँकेत कारकून म्हणून लागलो आणि माझी बदली राजूरला झाली. राजूर हे अकोले तालुक्यातले बाजाराचे गाव. तिथून पुढे रंधा धबधब्यावरून शेंडीला जाता येते. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याचे धरण. प्रवरा नदीवरचे हे विल्सन धरण 1910 मध्ये बांधायला घेतले आणि 1926 मध्ये पुरे झाले. त्या काळात, म्हणजे 1990 नंतर, घरोघर दूरदर्शनबरोबर उपग्रहाच्या वाहिन्या आल्या, आणि सायकलींचे रूप एकाएकी बदलले. ‘हिरो रेंजर’, ‘हर्क्युलस एमटीबी’ ही नावे शाळकरी पोरांच्या तोंडी झाली. सरळ हँडल, भडक रंग, जाड आणि गोट्यागोट्यांचे टायर. चेनकव्हर आखूड, कॅरेज नाही. काळी सायकल एका दिवसात म्हातारी दिसू लागली.

1994 साली मीही तसल्या रूपाची एक लाल सायकल घेतली. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही, कारण तो दोष एका कारखान्याचा नव्हता. मी सव्वीस वर्षांचा होतो, पगार हाती होता, समोर सह्याद्री होता. पहिल्या रविवारी मी शेंडीच्या रस्त्याला लागलो. छाती पुढे, मान ताठ. पहिल्याच मोठ्या चढाला मांड्या भरून आल्या. दुसऱ्या चढाला उतरलो. आणि मी सायकल हाती धरून चालत असताना माझ्या पुढे एक धोतर नेसलेले आजोबा चालले होते. हाती काळी सायकल, मागे दुधाच्या दोन किटल्या. आम्ही बरोबर चालू लागलो. त्यांनी माझ्या सायकलीकडे पाहिले. “डोंगराची हाये म्हनं ही?” मी म्हटले, “हो आजोबा.” ते म्हणाले, “मंग तुमी काहून चालता?”

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन दाते मोजले. पुढे 44, मागे 18. तीच जोडी! चाक सव्वीस इंची असल्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाचऐवजी पाच मीटर, एवढाच काय तो फरक. वजन वडिलांच्या सायकलीइतकेच. रिम पोलादाची, मुलाम्याची. ब्रेक तारेचा होता, पण पावसात त्याचे वागणे तेच. म्हणजे मरीनच्या त्या पोरांनी जे दोन प्रश्न सोडवले होते ते दोन्ही इथे तसेच ठेवून, फक्त टायर, हँडल आणि रंग तेवढे आणले होते. काळ्या सायकलीला डोंगराचा पोशाख चढवला होता म्हणा ना.

त्या सायकलीवर अन्याय नको. तिचे जाड टायर खरोखर उपयोगी होते. रतनवाडीच्या, अमृतेश्वराच्या देवळाच्या वाटेला तेव्हा पुष्कळ ठिकाणी खडी आणि मुरूम होता. अशा वाटेवर टायरात हवा जराशी कमी ठेवली की ते दगडाला बसते, उसळत नाही. काळ्या सायकलीचे बारीक टायर तिथे खडखडून हात बधिर करी. लाल सायकलीने ती वाट सुखाची केली. पण एका पावसाळ्यात, मुरशेतकडच्या उतारावर, मी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल पुढे जातच राहिली. फार लांब नाही, वीसेक हात. समोर म्हैस होती, ती बाजूला झाली. मी खाली उतरलो, दगडावर बसलो आणि मला दहा वर्षांपूर्वीचा तो आवाज ऐकू आला. “धरंना, धरंना.” मी तो आवाज कोणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही.

तिसरी सायकल 2007 सालची. अठरा गियरची. पुढे तीन चाक्या, 24, 34 आणि 42 दात्यांच्या; मागे सहा, 14 पासून 28 दात्यांपर्यंत. रिम अॅल्युमिनियमची. ही रिम ओली असली तरी रबराला धरू देते. पोलादाच्या मानाने पुष्कळच लवकर. आणि चढाचा हिशेब असा की सर्वांत हलका गियर लावला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल फक्त पावणेदोन मीटर पुढे जाते. काळ्या सायकलीच्या साडेपाच मीटरच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. फेरे तिपटीने मारायचे, पण दर फेऱ्याला जोर तिसऱ्या हिश्श्याचा. गियर म्हणजे यापलीकडे काही जादू नाही. मोठे पोते एकदम उचलण्याऐवजी तीन खेपा करायच्या. श्रम तेवढेच, पण पाठ मोडत नाही.

त्या सायकलीवर मी चाळिशीच्या उंबरठ्यावर भंडारदऱ्याच्या जलाशयाला फेरी घातली. शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि पुन्हा शेंडी. एकदाही उतरलो नाही. हे फुशारकीने सांगत नाही. सव्वीसाव्या वर्षी जो चढ जमला नाही तो एकोणचाळिसाव्या वर्षी जमला. त्यात माझे पाय सुधारले नव्हते, दाते बदलले होते. वडील तेव्हा होते. त्यांना मी ती सायकल दाखवली. त्यांनी मागचे चाक उचलले, फिरवले आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबले. “हा धरतो,” ते म्हणाले. त्यापेक्षा जास्त काही नाही. त्या दोन शब्दांनी माझे मन दिवसभर ठिकाणावर नव्हते.

दुसऱ्या रविवारी मी मित्राच्या गावी गेलो. आमचे येणेजाणे कधी तुटले नव्हते. लग्नाकार्याला, दिवाळीला भेट होई. बांधावर बसलो आणि मी त्याला सगळे सांगितले. वडिलांनी निघताना काय बजावले होते, मला ते आठवत होते, आणि तरीही मी बोललो नाही. तेवीस वर्षे मी ते मनात ठेवले होते.

तो बराच वेळ ढेकूळ हातात घेऊन फोडत बसला. मला वाटले, उठून जाईल. मग म्हणाला, “मला सांगितलं असतं तरी मी बसलो असतो रे. सोळा वर्षांचं पोरगं कुठं ऐकतं?” मी म्हटले, “ते तू ठरवायचं होतंस. मी ठरवायला नको होतं.” त्यावर त्याने मान हलवली. “ते खरं,” म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “मला सांगून आता काय उपयोग? ज्यांची हाडं अजून धड आहेत त्यांना सांग.”

त्याने क्षमा केली की नाही ते मी विचारले नाही. पण काम मात्र त्याने दिले, आणि ते मी जमेल तसे करतो. म्हणून तुम्हांलाही सांगतो.

तुमच्या घरात सायकल असेल, ती काळी असो, लाल असो की एकवीस गियरची असो, तर उद्या सकाळी पाच मिनिटे काढा. ब्रेकची मूठ दाबा. ती हँडलला जाऊन टेकता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरता कामा नये, मागचे चाक उचलायला हवे. मागचा ब्रेक दाबून तीच परीक्षा घ्या; चाक फरफटले पाहिजे, फिरता कामा नये. रबराकडे वाकून पाहा. त्याच्या अंगावरच्या खाचा पुसल्या असतील किंवा आतली धातू दिसत असेल, तर ते आजच बदला. तारेचा एखादा धागा तुटलेला दिसला, तर तार बदला. ती तुटायची ती उतारावरच तुटते, कारण तिथेच तिच्यावर जोर येतो.

घाट उतरताना दोन्ही ब्रेक वापरा. वेग वाढल्यावर नव्हे, वाढायच्या आधी दाबा. सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, म्हणजे रिमला निवायला अवसर मिळतो. पाऊस असेल तर वळणाच्या बरेच आधी ब्रेक हलका टेकवा आणि रिमवरचे पाणी पुसून घ्या. अंग मागे ठेवा. आणि हे काही जमत नसेल, तर माझ्या वडिलांनी सांगितले ते करा: खाली उतरा आणि चाला. त्यात कमीपणा नाही.

मुलाला नवी सायकल घेताना तो रंग पाहील, टायर पाहील. त्याला पाहू द्या. तुम्ही मागचे चाक उचला, फिरवा आणि ब्रेक दाबा. दुकानदार हसला तर हसू द्या.

आणि एवढे एक. आपली सायकल दुसऱ्याला देताना तिच्यात काय बिघाड आहे ते आधी सांगा. लाज वाटली तरी सांगा.

माझी काळी सायकल जिन्याखाली आहे. ती आता कोणी चालवत नाही. पण दर वर्षी आषाढ लागायच्या आधी मी तिची रबरे पाहतो.